पुरात भिजलेला उजवा, कोरडा राहिलेला डावा: बाबांच्या स्पीकरची जोडी परत वाजवायची आहे

गावभागची (सांगली):

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागायचा.

१९८४ साली बाबांनी ही जोडी करून घेतली. ८ इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, खोकी इथल्याच सुताराकडून. भुसा बोर्डाची, वरून सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. पूर्ण बंद पेटी, हवेला कुठं भोक नाही. आत कापूस किंवा काचलोकर न भरता बाबांनी घोंगडी कापून तीन बाजूंना खिळ्यांनी ठोकली होती. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं ते टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. त्या कॅसेट या स्पीकरवर ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या ओट्यावरून वीतभर आत आलं. निघताना डावा स्पीकर उचलून ट्रंकेवर ठेवला. उजव्याकडे वळले तोवर नाव दाराशी आली. उजवा चार दिवस पाण्यात उभा होता. तेव्हापासून दोन्ही गोणपाटात गुंडाळून माळ्यावर होते. बाबा आता नाहीत. गेल्या महिन्यात मी ते खाली काढले.

डाव्याचं खोकं चांगलं आहे, पण वूफरच्या कडेचा फोम गेला. बोट लावलं की काजळासारखा चिकटतो, साबणानंही निघत नाही. याचा ट्वीटरही गप्प आहे. उजव्याचा तळ भिजलेल्या पावासारखा फुगलाय, पाऊण इंचाची फळी सव्वा इंचाची झालीय आणि खालचं विनियर कोपऱ्यातून सुटलंय. फोम त्याचाही गेला. शिवाय कोन, म्हणजे वूफरचा कागदी पडदा, हातानं दाबला की आत वाळू दळल्यासारखी कर्रकर्र होते.

बाजारात एकांना दाखवलं. ते म्हणाले, फोम मिळत नाही, लाउडस्पीकरची कापडी कड चिकटवून देतो, तासाभराचं काम आहे. करू का? भाऊ म्हणतो टाकून दे. मला टाकायचे नाहीत. डाग (सोल्डर) देता येतो, मल्टिमीटर घरात आहे. सुतारकाम मात्र येत नाही.

विश्रामबाग_८८:

ताई, भुसा बोर्ड एकदा फुगला की संपला. बाहेरचं माप तेच ठेवून २५ एमएम मरीन प्लायची नवी जोडी करून घ्या, दणकट होईल. वूफरही नवे बसवा. एवढ्या जुन्याला हात लावण्यात वेळ जाईल.

जवारी (मिरज):

ताई, कापडी कड अजिबात लावून घेऊ नका. आधी एवढंच सांगून टाकतो, कारण उद्या तुम्ही तिथं जाल आणि तासाभरात वूफर कायमचा बिघडेल.

फोमची कड मऊ असते म्हणून कोन सैल, मोठा हलतो, आणि म्हणून तो खालचे स्वर देतो. कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरची कापडी कड ताठ असते, ती मोठ्या आवाजासाठी केलेली. ती चिकटवली की वूफरची स्वतःची कंपनसंख्या चढते, आणि तिच्याखालचे स्वर तो नीट देत नाही. ४० हर्ट्झच्या आसपासचा वूफर ८० च्या पुढं गेला तर नवल नाही. आता तुमच्या कॅसेट आठवा. गवयाचा सा काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला येते. तंबोऱ्यात वरचे स्वरांश भरपूर असतात हे खरं, जवारी, म्हणजे तारेचा झणकार, सगळी तिथंच, पण खर्जाचं मूळच पातळ झालं की तंबोरा पत्र्याचा वाटायला लागतो. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात, या आवाजात मी तडजोड करू शकत नाही.

फोम ऑनलाइन मिळतो, पण ‘८ इंची द्या’ म्हणून मागवू नका. कोनाचा व्यास, फोमच्या गोल उंचवट्याची आतली आणि बाहेरची कड, चिकटायच्या पट्टीचा बाहेरचा व्यास, ही चारही मापं मिलिमीटरमध्ये घ्या. दोन मिलिमीटर चुकले तरी कोन ताणला जातो.

डाव्यापासून सुरुवात करा. मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या वूफरची कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) मीटरवर ६ च्या आसपास दाखवते, तेवढी दाखवली की कॉइल जिवंत. जुना फोम कापसावर स्पिरिट घेऊन मऊ करा आणि बोथट सुरीनं खरवडा. कोन कागदी आहे, भिजवू नका, घाई नको, मला एका वूफरला दोन संध्याकाळी लागतात. नवा फोम आधी कोनाला चिकटवून रात्रभर ठेवा. किटबरोबर येणारा पांढरा डिंक बरा, हळू सुकतो म्हणून हलवाहलव करता येते. बाहेरची कड चिकटवताना मोबाइलवरून अँप्लिफायरला ३० हर्ट्झचा स्वर द्या, अगदी बारीक. कोन संथ आतबाहेर होतो आणि कॉइल कुठं घासली तर लगेच कळतं. तो आवाज जाईपर्यंत कड बोटांनी गोल फिरवत दाबत राहायचं.

उजवा अवघड आहे. ती कर्रकर्र चुंबकाच्या फटीतल्या गाळाची. आपली माती काळ्या पाषाणाची, तिच्यात लोहाचे कण असतात आणि चुंबक ते धरून बसतो, म्हणून ब्लोअर मारून काही सुटत नाही, उलट खाली जातं. मधली टोपी आणि मागची पिवळी जाळी सोडवून कोन कॉइलसकट वर काढावा लागेल. मग पोस्टकार्डाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीत फिरवायची, काळी झाली की नवी. परत बसवताना कॉइलच्या आत चारी बाजूंनी जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या घाला, म्हणजे ती मध्यावर राहते. मिरजेत एक्सरेला तोटा नाही. हात धजावत नसेल तर इकडं घेऊन या, माझ्यासमोर करा.

डाव्या ट्वीटरला लगेच मेलेला समजू नका. त्याच्या वाटेतला कपॅसिटर सुकला असेल. त्यावरचा आकडा वाचून कळवा.

सातारारोडकर:

मी सुतारकामाबद्दल सांगतो. विश्रामबागवाले म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. फुगलेला भुसा बोर्ड परत बसत नाही. पण त्यासाठी वरचा चांगला भाग का घालवायचा? आणि बाहेरून तेच माप ठेवून पाऊण इंचाऐवजी २५ एमएम लाकूड घातलं तर आतली जागा कमी होते. बंद पेटीत आतली हवा ही वूफरची स्प्रिंग असते. जागा घटली की स्प्रिंग ताठ, खालचा आवाज आखडतो. डावा जुना आणि उजवा नवा असं झालं तर दोन्ही दोन तऱ्हेनं बोलतील.

तळ काढून टाका आणि चारी बाजू खालून जिथवर फुगल्यात तिथवर सरळ रेषेत कापा. पाऊण इंची, म्हणजे १९ एमएम मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. आयएस ३०३ वाला साधा येतो, तो नको, तुमच्याकडं पाणी परत येणार नाही असं कोण सांगणार. कापाच्या आतून दोन इंची सागाची रीप फेविकॉल आणि स्क्रूनं लावा, जोड तिच्यावर बसतो. रीप जेवढी जागा खाईल तेवढी तळाची फळी खाली सरकवून भरून काढा. सांध्याच्या फटी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवा. शेवटी वूफर बसवून कोन हळूच आत दाबून सोडा. सावकाश वर आला तर पेटी घट्ट, पटकन उडाला तर कुठंतरी हवा जाते.

सुटलेलं विनियर फेकू नका. खाली सरस किंवा फेविकॉल असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की उरलेलंही अख्खं उचलतं, नव्या प्लायवर तेच लावता येतं. घासताना २२० च्या खालचा, म्हणजे त्याहून खरखरीत, पॉलिश पेपर नको, विनियर पातळ असतं, एका हिसक्यात पार होतं.

घोंगडी काढलीत का? लोकर आहे, धुऊन कडक उन्हात घाला आणि तीच परत लावा. जेवढी होती तेवढीच.

गावभागची:

सगळ्यांचे मनापासून आभार. उजवं खोकं उघडलं. घोंगडीमागं गाळाचा पापुद्रा होता, वाळल्या तळ्यासारखा भेगाळलेला. तो पुसताना वरच्या फळीवर सुताराची पेन्सिल दिसली: १९॥ × १०॥ × ९. आधी कळेना. मग आईनं वाचून दाखवलं, साडेएकोणीस, साडेदहा, नऊ. इंचात आतलं माप! गुणाकार केला तर ३० लिटर भरले. २५ एमएमची पेटी केली असती तर साडेतीन लिटर गेले असते. सातारारोडकर दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी नवीन खोकी करायलाच दिली असती.

दोन्ही वूफर मीटरवर ६.४ आणि ६.३ दाखवतात. डाव्या कपॅसिटरवर ४.७ मायक्रोफॅरड, नॉन-पोलर लिहिलंय.

जवारी (मिरज):

म्हणजे दोन्ही कॉइली जिवंत, फार बरं वाटलं. ४.७ चे दोन आणा, डाव्याउजव्या दोन्हीकडं बदला. प्लास्टिक फिल्मचा नवा कपॅसिटर लावल्यावर ट्वीटर जास्तच उघडा वाटला तर त्याच्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टर टाका, जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा अडथळा असतो, तो नव्यात नसतो. वूफर जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा. सेलचं प्लस ज्या टोकाला असताना कोन बाहेर येतो त्याला लाल खूण, दोन्हीकडं. एक जरी उलटा जोडला गेला तर खर्ज दोघांत मिळून नाहीसा होईल आणि तुम्ही फोमला दोष देत बसाल.

पॉलिशला चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून लांब हात मारा. तंबोऱ्यालाही आम्ही असंच करतो. फक्त पावसाळ्यात नको, हवेतली ओल धरून पांढुरकं पडतं.

विश्रामबाग_८८:

आतल्या जागेचं मला माहीत नव्हतं. ताई, माझ्याकडं क्लॅम्प आहेत चार, जोड चिकटवताना लागतील. सांगा, आणून देतो.

गावभागची:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. क्लॅम्प खूप उपयोगी पडले, परवा परत देते.

डाव्याचा फोम घरी बसवला, पहिल्यांदा घासला, कड सोडवून परत लावली, दुसऱ्यांदा जमला. ट्वीटर नवीन कपॅसिटर घातल्याबरोबर बोलला. उजवा वूफर मिरजेला जवारी काकांसमोर बसून उघडला. चिकटपट्टीच्या २३ पट्ट्या काळ्या झाल्या, २४ वी स्वच्छ निघाली. उजव्याचा तळ आणि खालची चार बोटं नवी आहेत, त्यावर तेच विनियर. एका कोपऱ्यात नखाएवढा तुकडा कमी पडला, तो तसाच ठेवलाय.

काल रात्री दोन्ही एकत्र लावले. बाबांचा टेपरेकॉर्डर मोनो होता, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज, त्यामुळं गाणारा बरोबर दोन्ही स्पीकरच्या मधे बसलेला ऐकू यायला हवा. तसा येतो. तंबोरा त्याच्या मागं, खर्जासकट, आणि डावीउजवीकडं कुठं सरकत नाही. कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकली.

लाख आणून ठेवलीय. पॉलिश दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.