मदत हवी आहे: नवा टायर रिमवर चढत नाही, आणि चढला तर उतरत नाही

नमस्कार मंडळी,

सायकलचं पंक्चर काढणं, ट्यूब बदलणं, ब्रेकची केबल ओढून घेणं ही कामं मी घरीच करतो. पण या वेळी आणलेल्या टायरच्या जोडीने पार जेरीस आणलंय.

माहिती आधीच देऊन ठेवतो. रिम ट्यूबलेस (म्हणजे आत ट्यूब न घालता) चालणारी आहे. जुने टायर तारेच्या कडेचे, २८-६२२ (पहिला आकडा रुंदीचा, मिमीमध्ये). नवे ३२-६२२, घडी होणारे, ट्यूबलेससाठी बनवलेले, पण मी आत ट्यूबच घालतो. टायरची पहिली कड हाताने बसते. दुसरीला शेवटचा वीतभर भाग उरला की सगळं थांबतं. अंगठे लाल होतात, एका टोकाला दाबलं की दुसऱ्या टोकाची कड टपकन बाहेर येते. शेवटी लिव्हरने (टायर उचकटायच्या चपट्या पट्टीने) रेटलं, तर हवा भरल्यावर ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. म्हणजे चिमटली.

उतरवताना तर अजून मजा. हवा पूर्ण सोडली तरी कड रिमला चिकटल्यासारखी घट्ट. लिव्हर आत शिरायलाच जागा नाही, आणि शिरला तेव्हा प्लास्टिकचं टोक वाकून पांढरं पडलं. घरात हे हाल, तर रस्त्यात अंधार पडताना पंक्चर झालं तर काय करायचं?

प्रश्न असे: टायर सैल व्हायला काही उपाय आहे का? लोखंडी लिव्हर घेऊ का? की हे टायर परत करून दुसरे आणू?

प्रतिसाद

आकडे जुळतात का ते टायरवर आणि रिमवर स्वतः वाचा. ६२२ म्हणजे कड जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, खरा आकडा तोच. इंचांवर विसंबू नका: २८ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्यांत ६२२ पण असतो आणि ६३५ पण. २७ इंची तर ६३०, म्हणजे नाव लहान आणि व्यास ६२२ पेक्षा मोठा! ६३० च्या रिमवर ६२२ चा टायर चढवायला गेलात तर जोर लावून काही होणार नाही.

धागाकर्ता

दोन्हीकडे ६२२ च आहे. जुने टायर याच रिमवर होते.

प्रतिसाद

मग हा ताकदीचा प्रश्न नाही, जागेचा आहे. रिम आतून नीट बघा. दोन्ही बाजूंना कड टेकायला कट्टा असतो आणि मधोमध त्याहून खोल खाच. ती खाच आहे म्हणूनच टायर चढतो. कडेतली तार असो वा घडीच्या टायरमधला अरामिडचा चिवट धागा, ताणून लांब होत नाही. आपण फक्त समोरच्या बाजूची कड खाचेत पाडतो आणि तिथे सुटलेली ढील हाताखालच्या बाजूला आणतो. तुमची कड शेवटच्या विताला अडते म्हणजे बाकीची कड खाचेत नाही, कट्ट्यावर चढून बसली आहे.

म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. व्हॉल्व्हजवळ ट्यूबचं बूड खाच अडवून बसतं, तिथे कड खाली जाऊच शकत नाही. बहुतेक जण उलटं करतात आणि सगळी ढील तिथेच अडकते. चाक पोटाशी धरा, व्हॉल्व्ह वर. खालून दोन्ही हातांनी टायर चिमटीत धरून कड मध्ये ढकलत ढकलत वर या, जोर लावून, दोन-तीनदा. मग ट्यूबमधली उरलीसुरली हवा सोडा. शेवटचा भाग अंगठ्यांनी नाही, तळहाताच्या टाचेने पुढे लोटा. एका बाजूची कड निसटत असेल तर तिथे टायर आणि रिम मिळून पट्ट्याने आवळून टाका. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढा, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकली असेल तर सुटेल.

आता मुख्य शंका: रिमवर आतून स्पोकची भोकं झाकणारी टेप कुठली आहे? जाड कापडी किंवा रबरी पट्टी असेल तर अर्धी खाच तिनेच भरली. खाचेची त्रिज्या १ मिमीने वाढली की परीघ सहा मिमीहून जास्त वाढतो, आणि तुम्हाला नेमकी तेवढीच ढील कमी पडत असते. माझ्या मते पैसे टायर बदलण्यावर नाही, टेपवर घाला.

प्रतिसाद

वरच्याला +१. कडेला साबणाचं पाणी लावा, फरक पडतो. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, रबर खराब होतं आणि ब्रेकवर लागलं तर वेगळीच डोकेदुखी. टायर घडी उलगडून थोडा वेळ उन्हात ठेवला तर बाजू मऊ पडतात. कड मात्र तेवढीच राहते, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

प्रतिसाद

उतरवण्याबद्दल कोणी बोललंच नाही. ट्यूबलेसच्या रिमला कट्ट्याच्या आतल्या काठावर बारीक उंचवटा असतो, हवा गेली तरी कड जागची हलू नये म्हणून. तुम्हाला जे चिकटल्यासारखं वाटतंय ते हेच. लिव्हर घालायच्या आधी ती कड तिथून खाली पाडावी लागते. चाक आडवं ठेवा, दोन्ही अंगठे टायरच्या बाजूवर, रिमच्या अगदी लगत, आणि अंग टाकून दाबा. एका जागी टक् असा आवाज येऊन सुटली की पुढे सहज सरकते. दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरी मारा. याला घाई केली की लिव्हर तुटतो.

लोखंडी लिव्हर मी तरी वापरत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमला ओरखडे पडतात, कार्बनची असेल तर विचारूच नका. आत लोखंड आणि वरून प्लास्टिक असलेले मिळतात, ते घ्या. लिव्हर घालायचा तो व्हॉल्व्हच्या समोर.

प्रतिसाद

समोर का? चढवताना जो न्याय तोच उतरवताना. व्हॉल्व्हपाशी कड खाली जात नाही, म्हणून लिव्हर तिथेच घालावा, बाकीची सगळी कड खाचेत राहते.

प्रतिसाद

आणि लिव्हर व्हॉल्व्हच्या बुडाला लागून ट्यूब फाटली तर? तिथे ठिगळ बसत नाही.

प्रतिसाद

तुमचं दोघांचं चालू द्या. मी व्हॉल्व्हपासून वीतभर बाजूला घालतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. टेपची शंका अचूक निघाली. चाकाबरोबर आलेली कापडी पट्टी होती आणि तिच्याखाली अजून एक रबरी! दोन्ही काढल्यावर खाच पहिल्यांदाच नीट दिसली. पुढच्या चाकाला पातळ ट्यूबलेस टेप लावली, साबणाचं पाणी, व्हॉल्व्ह शेवटी. कड तळहाताने आत गेली, लिव्हर लागलाच नाही. घट्ट आहे अजून, पण माणसांत आली.

आता दोन गोष्टी. हवा भरल्यावर चाक फिरवलं तर एका जागी टायर दबल्यासारखा दिसतो. आणि मागच्या चाकाला टेप लावताना व्हॉल्व्हचं भोक कसं पाडायचं? पुढे ब्लेडने फुली मारली, तर एक चीर लांब गेल्यासारखी वाटते.

प्रतिसाद

टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. जिथे ती आत बुडलीय तिथे कड अजून कट्ट्यावर चढलेली नाही. हवा सोडा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, टायर हाताने बाहेर ओढा आणि परत भरा. दाब टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल आकड्यांपैकी जो कमी असेल त्याच्या आतच ठेवा. भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर जरा बाजूला सारून कुठे ट्यूब डोकावतेय का ते बघून घ्या, चिमटा तिथेच बसतो.

भोकाला ब्लेड नको, फुलीच्या कोपऱ्यातून टेप फाटत जाते. बारीक खिळा पकडीत धरून तापवा आणि टोचा. कडा वितळून भोक गोल राहतं. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोनएक मिमी रुंद घ्या, ताणून लावा, आणि जोड व्हॉल्व्हवर येऊ देऊ नका. पुढच्या चाकाची चीर स्पोकच्या भोकापर्यंत गेली असेल तर ती टेपही बदला.