चित्र बघायचं की चित्राखालची चिठ्ठी वाचायची?

रंकाळाकाठचा:
काल कोल्हापूरच्या शाहू स्मारकात नव्या पोरापोरींचं प्रदर्शन बघून आलो. महापुराचा गाळ, गुऱ्हाळाची राख, कोल्हापुरी चपलेची कातरणं असल्या सामानाची चित्रं. प्रत्येकाखाली 'माझी प्रेरणा, माझं माध्यम' म्हणून पानभर मजकूर. आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून आले आणि रंकाळा, कोटितीर्थ ही इथलीच तळी रंगवत राहिले. ती चित्रं आजही चिठ्ठीशिवाय कळतात. हल्ली माती तेवढी गावची, हातातल्या कसबाचं काय ते बघायलाच नको! बोला आता.

तिखटमीठ:
शंभर टक्के. मजकूर वाचून डोळे दुखले, चित्र बघायचं राहिलंच.

गुळव्याचा नातू:
अजिबात पटलं नाही. राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय आहे, तिथलं पावडर शेडिंग बघून या. कोरडी पूड चोळून केलेलं आहे हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी मागं फिरलो आणि नाक लावून परत बघितलं. माध्यम कळलं की नजर बदलते, भावा. आणि राखेचं म्हणाल तर गुऱ्हाळाच्या चुलवणात उसाचं चिपाड जाळण्यात आयुष्य गेलेल्या घरातला मी. तो करडा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही.

तिखटमीठ:
मिळतो की! दोन रंग मिसळ.

गाळवाली:
गाळाचं चित्र माझं. 2019 ला आमच्यात पाणी शिरलं, त्यातलाच गाळ. बादलीत कालवायचा, रेती खाली बसू द्यायची, वरचं मलमलीतून गाळून डिंकाच्या पाण्यात घोटायचं. पहिली तीन चित्रं वाळल्यावर तडकली, पोपडे हातात आले. मग थर पातळ केला. मजकूर लांबला, कबूल. चार ओळी बास होत्या. पण एक आजोबा चिठ्ठीकडं न बघताच म्हणाले, "एवढ्यावर पाणी होतं व्हय तुमच्यात? आमच्यात छातीएवढं."

रंकाळाकाठचा:
दाराजवळचं का ते, आडव्या रेघेचं? ते आवडलेलं मला. चिठ्ठी वाचली नव्हती, चष्मा घरी राहिलेला. पण चपलेच्या कातरणांचं माझं म्हणणं तेच. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, एवढं सगळं लिहिलंय. ते कमावलं कुणी, शिवलं कुणी, त्याचं नाव कुठाय?

गुळव्याचा नातू:
म्हणजे चिठ्ठी अजून लांब पाहिजे तुम्हाला!