'पीस लाइक अ रिव्हर' : बापाच्या हातून परक्याचं भलं होतं मग स्वतःच्या लेकराचा दमा का राहतो?

अंबानगरीची_वाचक (अंबाजोगाई)

लीफ एंगरची 'पीस लाइक अ रिव्हर' इथं कुणी वाचलीय का? २००१ ची अमेरिकन कादंबरी आहे. मिनेसोटातलं १९६२ च्या आसपासचं गरीब घर, बाप जेरेमाया शाळेत साफसफाईचं काम करतो, आई कधीचीच घर सोडून गेलेली, तीन लेकरं, आणि गोष्ट सांगतोय मधला रूबेन, वय ११, दम्याचा पेशंट. आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये ही लावली होती आणि तेव्हापासून जे पेटलंय ते मिटायला तयार नाही, निम्म्यांना रडू आलं आणि निम्मे म्हणतात हे प्रवचन आहे, कादंबरी नाहीच.

शेवटासकट बोलणार आहे, ज्यांना वाचायचीय त्यांनी इथंच थांबा. रूबेन जन्मला तेव्हा बारा मिनिटं श्वासच नव्हता, डॉक्टरनं आशा सोडलेली, बाप आत आला, देवाचं नाव घेऊन लेकराला म्हणाला श्वास घे, आणि लेकरू जगलं. पुढं मोठा भाऊ डेव्ही रात्री घरात घुसलेल्या दोन पोरांना गोळ्या घालतो, खटला चालतो, तो जेलमधून पळतो आणि बाप उरलेल्या दोघांना घेऊन ऐन थंडीत त्याला हुडकायला नॉर्थ डाकोटाकडं निघतो. या सगळ्यात बापाच्या हातून अधूनमधून चमत्कार होत राहतात.

मी अडकलेय ती एका प्रसंगावर. शाळेचा वरचा साहेब बापाला सगळ्यांसमोर अपमान करून कामावरून काढतो. त्या साहेबाचं तोंड फोडांनी भरलेलं असतं. बाप काही न बोलता त्याच्या गालाला हात लावतो आणि साहेबाची कातडी बरी होते!! रूबेन हे बघतो आणि आतून जळतो, की या माणसाला मिळालं आणि मी रात्र रात्र वाफ घेत बसतो, मला का नाही. ग्रुपमधल्या एका सरांचं म्हणणं की इथं लेखकाचं गणित चुकलंय, असा बाप आधी स्वतःचं पोरगं बरं करील. मला उलट वाटतं की सगळ्या पुस्तकात ही जागा सगळ्यात खरी आहे. तुम्हाला काय वाटतं?

तेरणाकाठ (तेर, जि. धाराशिव)

ताई मी तुमच्या बाजूनं. आमच्या गावात गोरोबाकाकांचं मंदिर आहे, लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलोय, त्यामुळं मला हा बाप अजिबात परका वाटला नाही. काका चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात असे बुडाले की रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली गेलं तरी कळलं नाही. नंतर हात गेले, आणि मग पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हातही फुटले आणि लेकरूही रांगत आलं. कीर्तनकार शेवटाला येतो तेव्हा मंडपात सगळे टाळ्या वाजवत असतात पण माझी आजी त्या टाळ्यांच्या आधीच्या भागाला रडायची, संती लेकराला हुडकत येते आणि चिखल लाल दिसतो तिथं. लेकरू शेवटी परत मिळणार हे तिला पाठ होतं तरी रडायचीच.

मला म्हणायचंय ते एवढंच की भक्तीच्या गोष्टीत किंमत आधी घरचे देतात, हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. तुमच्या त्या सरांना म्हणावं गोरोबाकाकांनीपण आधी स्वतःचं लेकरू वाचवायला पाहिजे होतं का मग? तसं झालं असतं तर गोष्टच राहिली नसती. बापाला हा चमत्कार कुठं नि कुणावर करायचा हे ठरवताच येत नाही, तो त्याच्यातून होतो, आणि हे त्या पोराला कळत नाही म्हणून तो जळतो. ११ वर्षांच्या पोरानं जळायलाच पाहिजे.

सरकी_परभणी

माझं मत वेगळं आहे आणि जरा लांबण लागणार आहे.

माझ्या भाच्याला दमा आहे. आमचं घर जिनिंगच्या जवळ, सीझनमध्ये हवेत कापसाचा फुफाटा, त्यात त्या लेकराची छाती वाजायला लागली की घरातलं कुणी झोपत नाही. मधे एका बाबाचा अंगारा सुरू केला घरच्यांनी, बरं वाटतंय म्हणून पंप बंद केला, आणि एका रात्री ओठ निळे पडले. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन लावला तेव्हा लेकरू बोलायला लागलं. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, रोजचा पंप ती सूज दाबून ठेवतो, लेकरू खेळायला लागलं म्हणून पंप सोडला की सूज हळूहळू परत येती आणि एखाद्या रात्री गाठती. हे मी ज्याला त्याला सांगत फिरतो. त्यामुळं शेवटी रूबेनला गोळी लागते, तो मरून परलोकात जातो, तिथं नदीकाठी बाप भेटतो, बाप त्याला परत पाठवतो आणि हा उठतो तर फुप्फुसं ठणठणीत, हे वाचून मला राग आला. खरंच राग आला. दम्याच्या लेकराच्या आईबापानं हे वाचून काय करायचं? आपल्या राज्यात २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तो दाभोलकरांचा खून झाल्यावर, एवढी किंमत मोजून आपण इथं आलोय.

आणि श्रद्धा बाजूला ठेवली तरी कादंबरी म्हणूनसुद्धा चमत्कार लै सोयीचे आहेत. प्रवासाला गाडी पाहिजे तर ओळखीचा सेल्समन मरताना त्याचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, यांच्या नावावर करून जातो. पोलीस हुडकत असतात तर तो एवढा मोठा चकाकणारा ट्रेलर त्यांच्या डोळ्यापुढून जातो नि कुणालाच दिसत नाही. असं असल्यावर धाकधूक राहतच नाही ना. मला डेव्ही आवडला. त्याला बापाचा देव नको, त्यानं केलं ते स्वतः केलं आणि त्याची शिक्षा म्हणून जन्मभर घरापासून लांब राहिला. त्याच्या वाट्याला लेखकानं एकही चमत्कार दिला नाही, म्हणून तोच एक माणूस खरा वाटला.

अंबानगरीची_वाचक

दादा भाच्याचं वाचून पोटात गोळा आला, आता कसा आहे तो? पंपाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत.

ट्रेलरचं तुमचं पटतंय. पण शेवटाला बाप मरतो हे तुम्ही धरलंच नाही हो. रूबेनला फुप्फुसं फुकट मिळत नाहीत.

निळकंठ_नांदेड

मी अर्ध्यात सोडली. ती धाकटी बहीण स्वीड, वय ८-९ आणि काउबॉयवर लांबच्या लांब कविता लिहिते, त्या कविता पुस्तकात पानं पानं येतात, आपल्याला ना तो घोडेवाला मुलूख माहिती ना ते गाणं. आणि आठ वर्षाची पोरगी असं बोलत नाही.

तेरणाकाठ

@निळकंठ_नांदेड अहो त्या कविता सोडू नका, त्यातच तर सगळंय. तिनं रचलेला तो काउबॉय म्हणजे डेव्हीच आहे, भाऊ खुनी नाही हे तिला स्वतःला पटवायचंय, आणि लिहिता लिहिता तिच्या गोष्टीतला खलनायक तिच्याच्यानं मारला जात नाही. बापाकडं प्रार्थना, भावाकडं बंदूक, आणि तिच्याकडं टाईपरायटर.

माळवद (औसा, जि. लातूर)

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण चमत्काराचा विषय निघाला म्हणून.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून उशिरा झोपलेले. आमच्याकडची घरं तेव्हा दगड-मातीची, रुंद भिंती, वर माळवद, उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून दरवर्षी वर मातीचा थर चढवलेला, ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. आणि त्याच भूकंपात मंगरूळला दीड वर्षाची एक पोरगी पाच दिवसांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, मिलिटरीच्या लोकांनी काढली, पलंगाखाली होती म्हणून वाचली. सगळ्या पेपरात चमत्कार म्हणून आलं होतं. तो होताच. मला कुणी सांगितलं की नव्हता तर मी ऐकणार नाही.

पण आमच्या घरातली माझ्या चुलतीची दोन लेकरं पहिल्याच तासात गेली होती. लोक तिच्याकडं बसायला यायचे आणि बोलता बोलता त्या पोरीचा विषय काढायचे, देवाची करणी बघा म्हणायचे, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, धीर द्यायलाच सांगायचे. चुलती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली की मग आमच्या घरात पलंग नव्हता ही कुणाची करणी.

सरकीभाऊ, तुमच्या रागाचं मला कळतं. पण मला हे पुस्तक जवळचं वाटलं ते रूबेनच्या आवाजामुळं. तो मोठा होऊन सांगतोय ना हे सगळं, आणि जो वाचला त्याच्या आवाजात सांगतोय. तो कुणाला विश्वास ठेवा म्हणत नाही, मी बघितलं ते असं, पुढं तुमचं तुम्ही ठरवा एवढंच म्हणतो. प्रत्येक श्वास मोकळा येतो आणि तो बापाच्या जिवावर आलाय हे त्याला माहितीय. किल्लारीतनं वाचलेल्या लोकांत असं बोलणारी माणसं मी बघितलीत, त्यांना तुम्ही नशीबवान म्हणलं की ती गप्प होतात. लेखकाच्या स्वतःच्या मुलाला दमा होता आणि त्यातून हे पुस्तक सुरू झालं असं वाचलंय. आता तो शेवट मला दम्यावरचा इलाज वाटत नाही. रात्री लेकराजवळ जागणाऱ्या बापाच्या मनात काय येतं ते आहे त्यात, माझा श्वास याला दे, दुसरं काही नको.

सरकी_परभणी

मावशी, तुमच्या चुलतीचं वाक्य विसरणार नाही.

भाचा बराय ताई, रोज दोन वेळा पंप घेतो, या वर्षी कबड्डीत आहे. शेवटाबद्दल माझं मत तेच आहे, कारण तुम्ही वाचताय तसं सगळे वाचत नाहीत. मृगाला दम्यावरचं माशाचं औषध घ्यायला आमच्या भागातून लोक हैदराबादला जातात, लेकराला कडेवर घेऊन रात्रभर रांगेत उभे राहतात, त्यांचं प्रेम तुम्ही म्हणता तेच आहे, माझा श्वास याला दे असंच. त्या माणसांच्या हातात हे पुस्तक दिलं तर ते त्यात इलाजच बघतील. पण बापाला दम्याच्या पोराजवळ जागं बसवलंय ती पानं परत वाचीन.

कीर्तनघर (गंगाखेड)

उशिरा आलो चर्चेत. घरात तीन पिढ्या कीर्तन आहे त्यामुळं चमत्काराची मला अडचण नाही, पण सगळे बाप-बाप करताय आणि आईबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. जेरेमाया डॉक्टरकी शिकत होता. वावटळीनं त्याला उचललं, मैलोगणती लांब नेऊन धक्का न लागता खाली ठेवलं, आणि तो ते शिक्षण सोडून साधी कामं करत देवाला धरून राहिला. बायको म्हणून निघून गेली. पुस्तकात तिला किती जागा आहे बघा, जवळजवळ नाहीच, आणि जी आहे ती तिला संसार सोडणारी ठरवून मोकळी होते. तिनं काय वाईट मागितलं होतं? नवऱ्यानं शिकून डॉक्टर व्हावं, पोरांना चार घास नीट मिळावेत. तो डॉक्टर झाला असता तर रूबेनच्या छातीकडं घरातच कुणीतरी बघितलं असतं, हे तिच्या मनात आलंच नसेल का. मी गोरोबाकाकांचं आख्यान लावतो तेव्हा संतीच्या तोंडी चांगला अर्धा तास देतो, ती देवाला नि नवऱ्याला जे बोलते ते बायका मान हलवत ऐकतात. या कादंबरीत रोक्साना नावाची चांगली बाई पुढं येते, लेकरांना माया लावते, बापाशी लग्न करते, सगळं गोड होतं, पण पहिली बाई तशीच राहिली. अंबाजोगाईच्या ताई, तुमच्या ग्रुपात बायका जास्त असतील तर त्यांना विचारा हे, आणि काय म्हणाल्या ते इथं लिहा.