८×४२ की १०×४२?

पक्षीनिरीक्षणासाठी १०×४२ची दुर्बीण (पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे किती पट मोठे दिसते त्याचा; दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये) अधिक मोठे दाखवते म्हणून तीच घ्यावी, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. भिंगाचा व्यास तोच ठेवून वर्धन वाढवले की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिलिमीटरवरून ४.२ मिलिमीटरवर येतो, म्हणजे कमी उजेडात चित्र अधिक अंधूक दिसते. त्यामुळे पावसाळ्यात सह्याद्रीच्या दाट झाडीत, जमिनीवर वावरणारा नवरंग पक्षी शोधताना ८×४२च उजवी ठरते. उजनीच्या पाणथळीवर मात्र दूरवरच्या पक्ष्यांसाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची, जास्त वर्धनाची दुर्बीण) हवा. शिवाय मार्गदर्शक पुस्तकातील हिवाळी पिसाऱ्याचे चित्रही आवर्जून पाहावे, कारण हिवाळाभर करडा-तपकिरी दिसणारा ब्लॅक-टेल्ड गॉडविट हा पाणथळीतला पक्षी मार्चच्या सुमारास मान-छातीवर विटकरी होऊ लागतो. उडताना दिसणारा पंखांवरचा रुंद पांढरा पट्टा आणि काळी शेपटी या खुणा मात्र कायम राहतात.