बेळगावला गेलं म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही

कोल्हापूर सोडून बेळगावला स्थायिक झालं की मृत्युपत्र नव्यानं करावं लागतं, असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा दोन्हीकडं एकच. सही आणि दोन साक्षीदार नीट असले की झालं, नोंदणीचीही सक्ती नाही.

खरी गोची परदेशात होते. आमच्या आत्तेभावानं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराचं मृत्युपत्र इथं केलेलं. मेलबर्नला गेल्यावर तिथल्या फ्लॅटसाठी दुसरं करायला घेतलं, तर मसुद्यात ठरावीक वाक्य: 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द'. म्हणजे इथलंही गेलं की! सहीआधी वहिनीनं वाचलं म्हणून बरं (हा कधी काही वाचतोय?). मग 'फक्त ऑस्ट्रेलियातल्या मालमत्तेपुरतं' असं घालून घेतलं.