थ्रॉटल दिला की नाक वर, मग डावा पंख खाली: सीजी (गुरुत्वमध्य), थ्रस्ट (मोटरची ओढ) की आणखी काही? मदत हवी आहे

हवेतला_नवखा:

नमस्कार मंडळी. फोमबोर्डचं हाय-विंग ट्रेनर बांधलंय, म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेलं, रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान. अर्ध्या थ्रॉटलवर ठीक उडतं. फुल दिला की नाक चढत जातं, वेग मरतो आणि डावा पंख टाकून खाली येतं. उंची असली तर सावरता येतं.

माहिती आधीच देतो, म्हणजे विचारावी लागणार नाही. पंख १२०० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) सगळीकडे २०० मिमी, खालून सपाट एअरफॉइल (पंखाचा छेद). बॅटरीसकट वजन १०५० ग्रॅम. मोटर २२१२, १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला फेरे), प्रॉप (प्रॉपेलर) १०×४.५, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअर. लायपो बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच, वजन १८० ग्रॅम. नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी फळी) वर-खाली २० मिमी हलतो, एक्स्पो (काडीची मधली हालचाल मऊ करणारं सेटिंग) शून्य. मोटर फायरवॉलला (मोटर बसते त्या पुढच्या पाटीला) काटकोनात, कुठलाही कोन दिलेला नाही. प्लॅनमध्ये सीजी पुढच्या कडेपासून ५० ते ५५ मिमी आहे. नाक जड असलेलं बरं म्हणून बॅटरी पुढे ढकलली आहे, आता तो ४२ मिमीवर येतो.

दुसरा त्रास: पाचेक मिनिटांनी फुल थ्रॉटलवर मोटर गचके देते. थ्रॉटल कमी केला की पुन्हा सुरळीत. ईएससी बदलू का?

गगनभरारी:

शेपूट जड आहे, दुसरं काही नाही. नाकात ३० ग्रॅम शिसं टाका. आणि एक स्वस्तातला जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) बसवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

बाल्सा_आणि_ब्लेड:

शिसं अजिबात टाकू नका. सीजी ४२ मिमीवर म्हणजे कॉर्डच्या २१ टक्क्यांवर आहे. खालून सपाट पंखाच्या ट्रेनरला २५ ते ३० टक्के, म्हणजे ५० ते ६० मिमी चालतो. हे विमान आधीच नाकजड आहे, त्यात आणखी वजन कशाला? जायरोचं म्हणाल तर तो चुकीच्या सेटिंगशी बॅटरी संपेपर्यंत झगडत बसेल, आणि तुम्हाला दोष दिसणारच नाही. आधी विमान जायरोशिवाय नीट उडू द्या.

नवखा, दोन गोष्टी बघून सांगा.

एक, अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उडताना एलेव्हेटर प्रत्यक्षात कुठे असतो? उतरल्यावर ट्रिमला (रेडिओवरून कायम दिलेल्या बारीक दुरुस्तीला) हात न लावता पट्टीने मोजा.

दोन, फुल थ्रॉटल दिल्यावर नाक लगेच उचलतं की वेग वाढल्यावर? सगळं उत्तर यात आहे. मोटरच्या ओढीची रेषा चुकीची असेल तर थ्रॉटल हलताक्षणी नाक हलतं, कारण ओढ तत्काळ वाढते. ट्रिम किंवा सीजीचा घोळ असेल तर आधी वेग वाढावा लागतो. शेपटीवरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नाक दीड-दोन सेकंदांनी चढायला लागतं.

हवेतला_नवखा:

एलेव्हेटर ३ मिमी वर आहे. नाक साधारण दोन सेकंदांनी चढतं, पण थ्रॉटल एकदम ढकलला तर सुरुवातीलाच किंचित झटकाही जाणवतो. म्हणजे दोन्ही?

बाल्सा_आणि_ब्लेड:

दोन्ही, पण सारखे नाहीत. मोठा वाटा सीजीचा. नाक जड म्हणून तुम्ही एलेव्हेटर वर ट्रिम केलात. तो ट्रिम अर्ध्या थ्रॉटलच्या वेगाला बरोबर बसतो. वेग वाढला की तोच ३ मिमी जास्त जोराने शेपूट दाबतो आणि नाक चढतं. वरवर शेपूट जड असल्यासारखं दिसतं, म्हणून लोक नाकात वजन टाकतात, मग आणखी ट्रिम द्यावा लागतो आणि दुखणं वाढतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी एलेव्हेटरची हालचाल कमी करा, मगच सीजी मागे न्या. सीजी मागे गेला की एलेव्हेटर तिखट होतो. तुमचे २० मिमी आत्ता चालताहेत ते नाक जड आहे म्हणून. ५४ मिमीवर तीच हालचाल हाताला आवरणार नाही. वर-खाली ११ मिमी ठेवा, शक्यतो सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक आणि हॉर्नवर (एलेव्हेटरवरच्या खुंटीवर) बाहेरचं भोक वापरून. रेडिओत टक्के घटवून केलंत तर सर्व्होची ताकद आणि बारकाई दोन्ही वाया जातात. एक्स्पो ३० टक्के. चिन्ह तपासा: फुटाबाच्या रेडिओवर मधली हालचाल मऊ करायला उणे लागतं, स्पेक्ट्रमच्या रेडिओवर अधिक. उलट पडलं तर एलेव्हेटर मधोमध आणखी तिखट होतो, आणि ते टेकऑफलाच कळतं.

आता बॅटरी किती सरकवायची? सीजी १२ मिमी मागे हवा. १२ गुणिले १०५०, भागिले १८०, म्हणजे ७० मिमी. एका दमात नको. आधी ३५ मिमी सरकवा, सीजी ४८ वर येईल. उडवा, ट्रिम करा, एलेव्हेटर मोजा. मग उरलेले ३५. प्रत्येक जागी बॅटरीखाली वेल्क्रो आणि वरून पट्टा, दोन्ही. नुसत्या वेल्क्रोवर बॅटरी सरकली तर सगळी मोजदाद फुकट.

सीजी मोजताना हाय-विंग विमान पंखाखालून दोन बोटांवर तोला, नाक अगदी किंचित खाली झुकलेलं असू द्या. बॅटरी जागेवर आणि झाकण लावलेलं हवं.

फायरवॉल:

सुरुवातीचा जो झटका आहे तो थ्रस्टचा. हाय-विंगमध्ये मोटर पंखाच्या बरीच खाली असते. हवेचा बहुतेक अडथळा वर पंखाशी, ओढ खाली, म्हणून थ्रॉटल दिला की नाक उचलतं. मोटरचा शाफ्ट २ ते ३ अंश खाली आणि साधारण २ अंश उजवीकडे झुकवा.

कोनमापक लागत नाही. माउंटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर मोजा. ३४ मिमी असेल तर वरच्या स्क्रूंच्या मागे १ मिमीचा वॉशर घातल्यावर १.७ अंश मिळतात, दीड मिमीला अडीच. मोटरची वरची बाजू पुढे आली की शाफ्ट खाली झुकतो. उजवीकडे वळवायचा तर विमानाच्या मागे उभं राहून जी डावी बाजू दिसते, तिथल्या स्क्रूंना वॉशर. वॉशर धातूचेच घ्या. प्लास्टिकचे दबतात आणि कोन हळूहळू हरवतो. स्क्रू लांब लागतील, आणि ते मोटरच्या वाइंडिंगला टेकत नाहीत ना हे बघाच, नाहीतर तिथे शॉर्ट होऊन मोटर जाईल. काम करताना प्रॉप काढून ठेवा.

पण हे बॅटरी सरकवून झाल्यावर. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

गगनभरारी:

रेडिओत थ्रॉटलवरून एलेव्हेटरला मिक्स (थ्रॉटलबरोबर एलेव्हेटर आपोआप हलेल अशी जोडणी) दिलं तर? पाच टक्के डाउन. मोटर उघडायलाच नको.

फायरवॉल:

काम होतं, पण मिक्स थ्रॉटलच्या काडीकडे बघतं, विमानाच्या वेगाकडे नाही. वेगात असताना थ्रॉटल बंद केलात की डाउनही तत्क्षणी जातो आणि नाक उडी घेतं. मोटर माउंट कायमचं चिकटवलेलं असेल तेव्हाच मी मिक्सकडे जातो. इथे चार स्क्रू आहेत.

पीळ_आणि_पंख:

डाव्या पंखाबद्दल कोणीच बोललं नाही. नवखा, एलेरॉनचा (पंखावरच्या, विमान कलतं करणाऱ्या फळीचा) ट्रिम कुठे आहे? आणि एलेरॉन पंखाच्या टोकापर्यंत जातो का?

हवेतला_नवखा:

ट्रिम तीन क्लिक डावीकडे. वेगात विमान उजवीकडे झुकायचं म्हणून दिला. एलेरॉन टोकाच्या १२० मिमी आधी संपतो.

पीळ_आणि_पंख:

वाटलंच. वेगात उजवीकडे झुकतं आणि स्टॉलमध्ये (वेग घटून पंखाची उचल तुटते तेव्हा) डावा पंख टाकतं, ही पंखाला पीळ असल्याची जवळजवळ पक्की खूण आहे. डाव्या टोकाची पुढची कड वर उचललेली असणार. वेगात ते टोक जास्त उचल देतं म्हणून विमान उजवीकडे कलतं. वेग कमी झाला की तेच टोक सगळ्यात आधी स्टॉल होतं. एलेरॉनच्या ट्रिमने वेगातला कल झाकला, पण एलेरॉनच्या पलीकडचे १२० मिमी तसेच राहिले.

तपासायचं असं. पंख काढा. खालची बाजू सपाट आहे, त्यामुळे काम सोपं. सपाट काचेवर किंवा टेबलावर एका वेळी पंखाची एकच बाजू टेकवा, मधल्या जोडाजवळ दाबून धरा. टोकाशी पुढची कड आणि मागची कड काचेपासून किती वर आहे ते मोजा. २०० मिमी कॉर्डला साडेतीन मिमी म्हणजे एक अंश. दोन्ही टोकांत एक मिमीपर्यंत फरक चालेल.

पीळ निघाला तर फोमबोर्ड नुसता उलटा पिळून उपयोग नाही, दोन दिवसांत परत येतो. मागच्या कडेचा जोड टोकापासून २५० मिमीपर्यंत ब्लेडने उघडा. त्या टोकाच्या मागच्या कडेखाली ४ मिमीची पट्टी ठेवा, पुढची कड काचेला टेकवा, वरून पुस्तकं ठेवून दाबा आणि जोड पुन्हा चिकटवा. हॉट ग्लू पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या बाजूलाही तसंच, तेवढीच पट्टी. म्हणजे दोन्ही टोकांना जेमतेम एक अंश वॉशआउट (टोकाची पुढची कड खाली झुकवणारा पीळ) मिळेल, पंख मधून आधी स्टॉल होईल आणि टोकं शेवटपर्यंत धरून राहतील.

तोवर एक सवय: मंद वेगात डावा पंख पडला तर उजवा एलेरॉन देऊ नका. डावा एलेरॉन खाली जातो, आधीच स्टॉल झालेल्या टोकाचा कोन आणखी वाढतो आणि विमान गिरकी घेतं. एलेव्हेटर सोडा, उजवा रडर (शेपटीवरची उभी फळी) द्या, वेग आल्यावर पंख सरळ करा. तुमच्या वजनाला आणि पंखाला स्टॉलचा वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ताशी २९ किमी. सावरायला उंची लागतेच.

मिलीओहम:

मोटरच्या गचक्यांवर: ईएससी बदलू नका, तो त्याचं काम करतोय. फुल थ्रॉटलवर गचके आणि कमी केल्यावर सुरळीत, म्हणजे व्होल्टेज कटऑफ: बॅटरीचं व्होल्टेज घसरलं की ईएससी मोटर तोडतो. तीन आकडे द्या. उतरल्यावर दहा मिनिटांनी प्रत्येक सेलचं व्होल्टेज, परत चार्ज करताना आत गेलेले एमएएच, आणि चार्जरवर दिसणारा प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध. वॉटमीटर असेल तर फुल थ्रॉटलचा करंटही. त्यासाठी विमान शेपटीकडून घट्ट बांधा आणि प्रॉपच्या रेषेत उभं राहू नका.

हवेतला_नवखा:

सेल तिन्ही ३.७४. आत गेले ९०० एमएएच. रोध ३४, ३६ आणि ४१. फुल थ्रॉटल १५ अँपिअर.

मिलीओहम:

बॅटरी थकली आहे. बेरीज १११ मिलीओहम. १५ अँपिअरला १.६७ व्होल्ट तिथेच पडतात. तीन सेलचे ११.२२, त्यातून १.६७ गेले, उरले ९.५५. ईएससीचा कटऑफ सेलमागे ३.२ असेल तर तो ९.६ ला मोटर तोडणारच. थ्रॉटल कमी करून करंट ५ वर आणला की घट अर्ध्या व्होल्टवर येते, बॅटरी साडेदहाच्या वर जाते आणि मोटर पुन्हा फिरते. तुम्ही सांगितलेलं लक्षण हेच.

याच क्षमतेच्या धडधाकट लायपोत सेलमागे १० ते १२ मिलीओहम दिसायला हवेत. तेवढ्यात जोडही तपासा: उतरल्याबरोबर एक्सटी६० आणि मोटरचे बुलेट कनेक्टर बोटाने चाचपा. एखादाच कोमट लागला तर तिथला सोल्डरचा डाग कच्चा आहे, पुन्हा मारा. कटऑफ खाली आणून वेळ मारून नेऊ नका, सेल फुगतील. जुनी बॅटरी जमिनीवर सर्व्हो तपासायला ठेवा. नव्या बॅटरीचं वजन वेगळं असेल तर वरचा ७० मिमीचा हिशेब पुन्हा करावा लागेल, हे विसरू नका.

हवेतला_नवखा:

करून बघितलं. सीजी ५४ वर, एलेव्हेटरचा ट्रिम ३ मिमीवरून अर्ध्या मिमीवर आला. फुल थ्रॉटलवर चढणं बरंच कमी. वरच्या दोन स्क्रूंना दीड मिमीचे वॉशर घातल्यावर सुरुवातीचा झटकाही गेला. उजवीकडचा कोन अजून दिलेला नाही. डाव्या टोकाची पुढची कड ४ मिमी वर निघाली, जोड उघडून चिकटवला, दुसरी बाजूही केली. नवी बॅटरी १९५ ग्रॅमची आहे, ती ६ मिमी मागे बसवल्यावर सीजी जुळला. आता स्टॉल सरळ होतो, नाक खाली टाकतं. फक्त एलेरॉन दिला की नाक आधी उलट बाजूला जातं आणि मग वळतं. हे पंख पिळल्यामुळे झालं का?

पीळ_आणि_पंख:

नाही, ते आधीही असणार, बाकीच्या गोंधळात दिसत नव्हतं. खाली जाणारा एलेरॉन जास्त अडथळा करतो आणि नाक त्या बाजूला ओढतो. एलेरॉनला डिफरन्शियल द्या: वर १२ मिमी, खाली ७. दोन सर्व्हो वेगळ्या चॅनेलवर असतील तर रेडिओतून, एकाच वाय-केबलवर असतील तर दोन्ही सर्व्होंच्या आर्म एक-दोन दाते पुढे झुकवून. तुमच्यासारखे सर्व्हो पंखाच्या खालच्या बाजूला आणि हॉर्नही खालीच असतील, तर आर्म पुढच्या कडेकडे झुकवायची. एका बाजूला बसवून मोजा, उलट पडलं तर मागे झुकवा. मग पुशरॉडची लांबी बदलून एलेरॉन पुन्हा मधोमध आणा.

आणि तो तीन क्लिकचा डावा ट्रिम आधी शून्यावर आणा. पंख सरळ झाल्यावर त्याची गरज उरलेली नाही.