पर्यावरण अहवाल: जाडी वाढली, उपयोग वाढला का?

जुना_सर्वेक्षक: १ जानेवारी १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'नेपा' (राष्ट्रीय पर्यावरण धोरण) कायद्यावर सही केली आणि अमेरिकेत मोठ्या सरकारी निर्णयाआधी पर्यावरणावरचे परिणाम लिहून काढणं बंधनकारक झालं. सुरुवातीचे काही अहवाल मोजक्या पानांचे असत. आता युटामधल्या ८८ मैलांच्या नियोजित रेल्वेमार्गाचा अहवाल ३,६०० पानांहून मोठा! वाचतं कोण? कोर्टात कुणी बोट ठेवू नये म्हणून सल्लागार पानं भरत सुटतात. २०२३ मध्ये १५० पानांची (फारच गुंतागुंत असेल तर ३००) आणि दोन वर्षांची मर्यादा आली, बरंच झालं.

रानवाट: त्या १५० पानांत परिशिष्टं धरत नाहीत, हे सोयीस्कर विसरलात. फुगवटा तिकडे सरकेल, एवढंच. आणि कोर्टांना नावं कशाला ठेवता? परिणाम खरोखर तपासा असं सरकारी खात्याला बजावणारा १९७१ चा कॅल्व्हर्ट क्लिफ्स अणुवीज प्रकल्पाचा निकाल आला नसता, तर नेपा कागदावरच राहिला असता.

खरा वाद परिणाम कुठवर धरायचे याचा आहे. तुमची ती रेल्वे मुख्यतः कच्चं तेल वाहायला. २०२५ मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्यापायी वाढणारा तेलउपसा आणि पुढचं शुद्धीकरण तपासायची सक्ती नाही. आदल्याच वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेलविहिरींच्या परवानगीवरच्या फिंच खटल्यात नेमकं उलट सांगितलं होतं: काढलेलं तेल जळणारच, तर ते उत्सर्जनही मोजा. मला ब्रिटिश पटतात.

जुना_सर्वेक्षक: म्हणजे बंदर बांधणाऱ्याने प्रत्येक कंटेनरातल्या मालाचा हिशेब द्यायचा? कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

रानवाट: ओढा की. पण रूळ टाकायचं कारणच तेल असेल, तर रेघ तेलाच्या अलीकडे कशी?

मोजपट्टी: दोघेही परवानगीपाशीच अडकलात. 'नदीत गाळ वाढणार नाही' असं अहवालात लिहिलं. पुढे गाळ मोजला कुणी? युरोपच्या अशा अहवालांबाबतच्या १९८५ च्या निर्देशात नंतरच्या देखरेखीची सक्ती नव्हती, ती आली २०१४ च्या दुरुस्तीने, तीही गंभीर परिणामांपुरती. इतकी वर्षं भाकितं चालली, पडताळा ऐच्छिक!

जुना_सर्वेक्षक: हा मुद्दा बिनतोड. पण मोजणार कोण? कंपनीच मोजणार असेल तर आकडे तिला हवे तसेच येणार.

मोजपट्टी: पैसे कंपनीचे, मोजणारा माणूस मात्र परवानगी देणाऱ्या खात्याने नेमलेला. आणि आकडे दर तिमाहीला जाहीर करायचे, भाकिताच्या शेजारच्याच रकान्यात.